वडिलांचे पॉइंट बत्तीस पिस्तूल दुसऱ्या बोअरचे करून घ्यावे का?

ठाण्यात नौपाडा परिसरात राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे जुने .३२ पिस्तूल रीतसर अर्ज करून या गृहस्थांच्या परवान्यावर आले. त्यांना नेमबाजीचा सराव करायचा आहे, परंतु .३२ ची काडतुसे महाग पडतात आणि हवी तेव्हा मिळतही नाहीत. एका कारागिराने त्यांना सांगितले की जुन्या नळीत नवी नळी बसवून पिस्तूल .२२ चे करून देतो, आणि मनात असेल तर ते ९ मिलिमीटरचेही होईल. हे करून घ्यावे का, आणि घ्यायचे असल्यास गनस्मिथ, म्हणजे शस्त्रांचा कारागीर, कसा निवडावा, असे ते विचारतात.

माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते केवळ कायद्याच्या भीतीपोटी दिलेले नाही. परवानाधारक शस्त्रदुरुस्तीच्या कामात माझे आयुष्य गेले आहे. या व्यवसायात जे मी आदराने शिकलो त्यातली एक गोष्ट अशी की बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचे माप, हा एकट्या नळीचा गुण नसतो. काडतुसाचा व्यास, त्याची लांबी, मागच्या कडेचा आकार, आतला दाब आणि गोळी सुटताना मागे बसणारा धक्का या सर्वांशी जुळवून स्लाइड (मागे-पुढे सरकणारा वरचा भाग), स्प्रिंग, मॅगझिन (काडतुसांची पेटी), फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी सुई) आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतुसाचे रिकामे कवच, म्हणजे पुंगळी, बाहेर ओढणारे नख) हे भाग घडवलेले असतात. नळी तेवढी बदलली आणि बाकीचे पूर्वीचेच ठेवले, तर एका काडतुसासाठी बनवलेल्या यंत्राला दुसरे काडतूस चारण्याचा तो प्रयत्न असतो.

आपल्या हातातले पिस्तूल नेमके काय आहे, ते आधी पाहू. वेब्ली अँड स्कॉटचे हे .३२ पिस्तूल १९०८ च्या नमुन्याचे असून लंडनच्या महानगर पोलिसांनी ते १९११ मध्ये स्वीकारले. ब्रिटिश अमदानीत भारतात आलेली ही पिस्तुले आजही अनेक जुन्या घरांत परवान्यावर सांभाळलेली आढळतात. याची रचना साध्या ब्लोबॅक पद्धतीची आहे. याचा अर्थ असा की गोळी सुटताना नळीचे मागचे तोंड कोणत्याही कुलपाने बंद केलेले नसते, ते केवळ स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने मिटलेले राहते. बहुतेक पिस्तुलांत ही स्प्रिंग नळीभोवती किंवा नळीखाली गुंडाळलेली असते, परंतु या वेब्लीत ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची चपटी पोलादी पट्टी असून मुठीच्या उजव्या बाजूच्या पट्टीखाली बसवलेली आहे. मुठीचा स्क्रू काढून ती पट्टी पहिल्यांदा उचलताना ज्याला हे ठाऊक नसते तो कारागीर हमखास गोंधळतो. तशी स्प्रिंग आज बाजारात तयार मिळत नाही, आणि एकदा तिचा ताण बिघडवला की तो मूळ पदावर आणणे फार अवघड असते.

आता काडतुसांकडे वळू. .३२ एसीपी हे जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास तयार केलेले काडतूस असून त्याच्या गोळीचा व्यास सुमारे ७.९ मिलिमीटर, पुंगळीच्या मागच्या कडेचा व्यास सुमारे ९.१ मिलिमीटर आणि संपूर्ण काडतुसाची लांबी सुमारे २५ मिलिमीटर असते. त्याची टोपी, म्हणजे ठिणगी देणारा भाग, पुंगळीच्या तळाच्या मधोमध असते, म्हणून फायरिंग पिनही मधोमध आदळते. .२२ लाँग रायफल काडतुसाची गोष्ट मुळातच वेगळी आहे. त्यात वेगळी टोपी नसते, पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या कडेच्या आतल्या घडीत पसरलेले असते, आणि म्हणून फायरिंग पिनला त्या कडेवरच मारावे लागते. त्याच्या कडेचा व्यास जेमतेम ७ मिलिमीटर आणि जाडी साधारण १ मिलिमीटर. म्हणजे .३२ चे पिस्तूल .२२ चे करायचे म्हटले की स्लाइडच्या आतल्या तोंडाला हात घालावा लागतो, आणि तिथे एकदा छिद्र हलवले किंवा धातू खरवडला की ते पिस्तूल पुन्हा कधीच .३२ चे होत नाही. नळी बदलणे उलटवता येते, स्लाइडला केलेली इजा उलटवता येत नाही. आपल्या कारागिराने हा मुद्दा आपल्याला सांगितला होता का, हे त्याला अवश्य विचारावे.

धक्क्याचा हिशेबही जुळत नाही. .३२ ची गोळी सुमारे ४.६ ग्रॅमची असून ती सेकंदाला साधारण २७५ मीटर वेगाने बाहेर पडते, तर .२२ ची नेहमीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि छोट्या नळीतून तिचा वेगही काही फार जास्त नसतो. परिणामी स्लाइडला मागे ढकलणारा जोर दोन तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली येतो. .३२ साठी तोललेली जड स्लाइड मग पूर्ण मागे सरकत नाही, रिकामी पुंगळी दारातच अडकते आणि पुढचे काडतूस तिच्यावर जाऊन आदळते. यावर उपाय म्हणून स्प्रिंग मऊ केली जाते, स्लाइडचे वजन कमी करण्यासाठी तिचा धातू काढला जातो, आणि अशा प्रत्येक पायरीवर पिस्तूल मूळ आखणीपासून आणखी दूर जाते.

असे एक पिस्तूल माझ्याकडे तपासणीसाठी आले होते, म्हणून हे अधिक जवळून सांगू शकतो. बाहेरून काम देखणे होते. नव्या नळीला निळसर झाक दिलेली होती, आणि तोंडाकडून पाहिले असता आतली नळी मूळ नळीत घट्ट बसलेली वाटत होती. मालकाने सोबत आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या भिंगाखाली धरल्या तेव्हा खरी गोष्ट कळली. काहींच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरच्या नखाने अर्धचंद्राकार लचका तोडलेला होता, कारण ते नख .३२ च्या मोठ्या कडेसाठी घडवलेले होते. काहींच्या तळाशी भिंत फुगून पातळ झाली होती, म्हणजे पेटताना पुंगळीला मागून पुरता आधार मिळत नव्हता. एक पुंगळी कडेजवळ उभी चिरलेली होती. अशा चिरेतून सुटणारा तप्त वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो. त्या पिस्तुलातून आणखी एकही गोळी झाडू नये, असे मी लेखी दिले.

९ मिलिमीटरच्या सूचनेबद्दल मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे, कारण जो कारागीर ही सूचना सहजपणे करतो त्याच्या हाती आपले शस्त्र एक क्षणही देऊ नये. अमेरिकी उद्योगमानकांनुसार .३२ एसीपी काडतुसाचा कमाल दाब प्रति चौरस इंच २०,५०० पौंड आहे, ९ मिलिमीटर पॅराबेलमचा ३५,००० पौंड. शिवाय हे काडतूस जवळपास ३० मिलिमीटर लांब असल्यामुळे वेब्लीच्या मॅगझिनमध्ये ते मावणारही नाही. केवळ स्लाइडच्या वजनावर मिटणारे, शंभरीच्या आसपास वय असलेले पोलाद एवढा दाब सोसेल अशी खात्री कोणताही जाणकार देणार नाही.

यापुढचा भाग कायद्याचा आहे, आणि तो सावकाश वाचावा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय कोणालाही शस्त्राची निर्मिती, रूपांतर, दुरुस्ती, चाचणी किंवा प्रूफ (जादा दाबाची काडतुसे झाडून केलेली तपासणी) करता येत नाही. त्यामुळे एखादा कारागीर कितीही निष्णात असला तरी त्याच्याकडे त्या विशिष्ट कामाचा परवाना आहे का, हा पहिला प्रश्न असतो, आणि केवळ विक्रीचा परवाना असणे म्हणजे रूपांतराचा परवाना असणे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ ची व्याप्ती वाढली. आता शस्त्र नियम, २०१६ मधल्या एका प्रवर्गातले शस्त्र दुसऱ्या प्रवर्गात नेण्यासाठीही स्वतंत्र परवाना लागतो, आणि या तरतुदींचा भंग झाल्यास किमान सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे. त्याच नियमांच्या पहिल्या अनुसूचीत सैन्य व पोलीस वापरातले ९ मिलिमीटर काडतूस झाडू शकणारे कोणत्याही बोअरचे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर ठेवता न येणाऱ्या प्रकारात, मोडते. तिथली कसोटी शस्त्रात कोणते काडतूस बसते आणि झडते ही आहे, शस्त्रावर काय कोरले आहे ही नाही. म्हणजे ९ मिलिमीटरचे रूपांतर यशस्वी झाले तर आपण निषिद्ध शस्त्राचे विनापरवाना धारक ठरता. ते फसले, तर एवढ्या दाबाने पिस्तूल आपल्या हातातच फुटू शकते.

.३२ वरून .२२ वर जाताना प्रवर्ग बदलत नाही, म्हणून हा गुन्हा नाही असा युक्तिवाद काही जण करतात. तो अपुरा आहे. रूपांतर करणाऱ्याला कलम ५ चा परवाना लागतोच, आणि आपल्या परवान्यावर, तसेच त्याला जोडलेल्या युनिक आयडेंटिफिकेशन नंबरखाली, ज्या शस्त्राची नोंद आहे त्यात बोअर .३२ असे स्पष्ट लिहिलेले असते. नोंद एका शस्त्राची आणि तिजोरीत दुसरेच, अशी स्थिती नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र पोलीस ठाण्यात दाखवताना उघडी पडते. शिवाय नळी किंवा स्लाइड बदलताना मूळ अनुक्रमांक घासला गेला तर कलम ८ चा वेगळा प्रश्न उभा राहतो. त्या कलमाने शस्त्रावरची ओळखचिन्हे पुसण्यास, बदलण्यास किंवा बनावट करण्यास मनाई आहे. परदेशातून सुटी नळी मागवण्याचा मार्गही मोकळा नाही, कारण अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे शस्त्राचे सुटे भाग हेही शस्त्रच आहेत आणि त्यांच्या आयातीसाठी कलम १० खाली परवाना लागतो. कुरिअरच्या खोक्यात खेळण्याचा भाग असे लिहून आलेली नळी सीमाशुल्क विभागाच्या हाती लागली, तर बोलावणे आपल्यालाच येईल.

मग बोअर बदलणे कुठेच योग्य नसते का? असते, परंतु जिथे निर्मात्याने मुळातच त्यासाठी पिस्तूल आखलेले असते तिथे. कोल्ट कंपनीने १९३० च्या दशकात आपल्या .४५ पिस्तुलासाठी .२२ चा रूपांतर संच आणला, त्यात नळी, स्लाइड आणि मॅगझिन हे सारे एकत्र येत असे. स्पर्धेच्या पिस्तुलांत ही परंपरा अधिक नेटकी आहे. वाल्थर, पार्दिनी आणि हेमर्ली या कंपन्यांनी एकाच मुठीवर .२२ आणि .३२ वॉडकटर (सपाट तोंडाच्या गोळीचे सरावाचे काडतूस) अशी दोन्ही अंगे बसतील अशी पिस्तुले केली आहेत. याचे कारण स्पर्धांच्या नियमांत आहे. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल आणि रॅपिड फायर हे प्रकार .२२ वर होतात, तर सेंटर फायर, म्हणजे मधोमध टोपी असलेल्या काडतुसाच्या, पिस्तूल प्रकारासाठी ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर दरम्यानचा बोअर लागतो, आणि नेमबाजाला मुठीची व चापाची सवय तीच ठेवून दोन्हींचा सराव करायचा असतो. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने सेंटर फायर पिस्तुलात ५९० गुणांची कामगिरी करून सुवर्णपदक मिळवले, आणि आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. या दर्जाच्या नेमबाजांची पिस्तुले कारखान्यात घडवलेली आणि प्रूफ झालेली असतात, त्यांत घरगुती नळ्या बसवलेल्या नसतात.

प्रूफ हा शब्द आला म्हणून थोडे थांबतो, कारण आपल्याकडे त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. युरोपात १९१४ पासून सी.आय.पी. नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, आणि तिच्या पद्धतीनुसार प्रत्येक नवे पिस्तूल नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक दाबाची काडतुसे झाडून तपासले जाते, मगच त्यावर छाप उठतो. आपल्या वेब्लीवर भिंगाने पाहिले तर नळीजवळ असे छोटे छाप दिसतील. ते त्या नळीसाठी, त्या स्लाइडसाठी आणि त्या काडतुसासाठी दिलेले प्रमाणपत्र आहे. त्यांतला एकही भाग बदलला की ते प्रमाणपत्र लागू राहत नाही, आणि अनोळखी कार्यशाळेत दोन-चार गोळ्या झाडून पाहिल्या तर त्याला प्रूफ म्हणत नाहीत.

आता आपल्या मूळ गरजेकडे येऊ, कारण आपल्याला पिस्तूल बदलायचे नसून स्वस्तात आणि नियमित सराव करायचा आहे, असे मला आपल्या पत्रावरून वाटते. पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग एअर पिस्तुलाचा आहे. ०.१७७ इंचाचे, म्हणजे ४.५ मिलिमीटरचे, आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचे एअर पिस्तूल शस्त्र नियमांच्या परवान्यातून मुक्त आहे, त्याचे छर्रे काडतुसांच्या तुलनेत अगदी स्वस्त पडतात, आणि १० मीटरवर चाप ओढण्याची जी शिस्त लागते तीच पुढे २५ मीटरवर उपयोगी पडते. दुसरा मार्ग मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सभासद होण्याचा. क्लबच्या .२२ शस्त्रांवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो. ठाणेकरांना वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज लांब वाटते, तरी सुट्टीच्या सकाळी तो प्रवास होण्याजोगा आहे.

तिसरा मार्ग स्वतंत्र .२२ पिस्तुलासाठी अर्ज करण्याचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोन शस्त्रे ठेवता येतात, आणि आपल्याकडे सध्या एकच आहे. आपण ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असल्याने आपला अर्ज तिथेच जाईल. वाशी-पनवेल भागातले वाचक नवी मुंबई आयुक्तालयाकडे अर्ज करतील, आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालय परवाना प्राधिकारी आहे. अर्जात स्वसंरक्षण हे कारण सवयीने लिहू नका. क्रीडा नेमबाजी हे खरे कारण लिहा आणि क्लबचे सभासदत्व, सरावाची नोंद व स्पर्धेत भाग घेतला असल्यास त्याची कागदपत्रे जोडा. मंजुरीला वेळ लागतो, चौकशी होते आणि कार्यालयाच्या फेऱ्या होतात हे मी जाणतो. तरीही शेवटी हाती येते ते कागदावर आणि धातूत एकच असलेले शस्त्र.

एक धोका अनेक जुन्या घरांत असतो, त्याचाही उल्लेख करायला हवा. आपल्या देशात ऑर्डनन्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल दोन्ही प्रचलित आहेत, आणि बोलताना आपण दोन्हींना पॉइंट बत्तीसच म्हणतो. रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे असते, आपल्या वेब्लीचे .३२ एसीपी. त्यातच एसीपी काडतुसाला किंचित बाहेर आलेली कड असल्यामुळे ते रिव्हॉल्व्हरच्या चक्रात बसूनही जाते, वास्तविक त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा अधिक असतो. वडिलांच्या कपाटात जुनी काडतुसे सापडली असतील तर तळावरचे अक्षर वाचल्याशिवाय ती कशातही घालू नका, आणि ज्यांची पुंगळी हिरवट पडली आहे किंवा गोळी सैल झाली आहे ती परवानाधारक दुकानदारामार्फत जमा करून टाका.

पिस्तूल मूळ रूपात ठेवण्याचे आपण ठरवले, तर त्याची खरी लढाई खाडीच्या हवेशी आहे. जून ते सप्टेंबर या काळात ठाण्यात कातडी होल्स्टरमध्ये ठेवलेल्या पिस्तुलावर आठवड्याभरात बारीक तांबूस ठिपके उमटतात, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. होल्स्टर वेगळे ठेवा, पिस्तूल हलके तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळा, तिजोरीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला नळीतून कोरडी व नंतर तेलाची चिंधी फिरवा. नळी उजेडाकडे धरून पाहताना खोबणींच्या कडा तीक्ष्ण दिसल्या पाहिजेत. काळे खड्डे दिसू लागले तर घासून काढण्याचा मोह आवरा, ते काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसाचे आहे. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून सराव करायचा असेल तर आधी मॅगझिन काढून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, आणि त्यात सराव काडतूस, ज्याला स्नॅप कॅप म्हणतात, ते अवश्य घाला. या वयाच्या पिस्तुलाची फायरिंग पिन रिकाम्या घोड्याच्या आघातांनी तुटू शकते, आणि तिचा मूळ भाग मिळवणे व्ही स्प्रिंगइतकेच कठीण आहे.

तपासणीसाठी पिस्तूल परवानाधारक दुकानात नेताना मूळ परवाना सोबत असू द्या, मॅगझिन काढून ठेवा, काडतुसे वेगळ्या पिशवीत ठेवा. शस्त्र दुकानात ठेवून येणार असाल तर अनुक्रमांक, बोअर आणि शस्त्राची स्थिती लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. अशी पावती देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे साधी स्प्रिंगसुद्धा बदलायला देऊ नये. आपल्या त्या कारागिराकडे अद्याप पिस्तूल दिलेले नसेल, तर ते घरीच राहू द्या, आणि अनामत दिली असेल तर ती परत मिळो न मिळो, काम थांबवल्याचे त्याला आजच लेखी कळवा.